प्रेस मारताना खांदा 'कट्' वाजतो: थांबू का चालू ठेवू?

कोथरूडकर
मंडळी, वय ३४, दीड वर्ष जिमला जातोय. गेले दोन महिने डोक्यावर बार नेताना डावा खांदा 'कट्' वाजतो. दहातल्या सहा वेळा तरी. दुखत नाही, पण शेजारच्या बेंचवरचा माणूस वळून बघतो! ट्रेनर म्हणतो, "सर, वंगण कमी झालंय, फिश ऑइल घ्या." आई म्हणते मेथीचे लाडू खा. काय करू?

झंपू
लाडू खा. खांद्याचं माहीत नाही, पण लाडू कशाला सोडायचे?

फिजिओताई
मी फिजिओ आहे, पण न तपासता निदान होत नाही हे धरून वाचा. वंगणाचं विसरा. खांद्याची खोबण फार उथळ असते, बशीत लिंबू ठेवावं तशी. दंडाच्या हाडाच्या गोळ्याचा पाव ते एकतृतीयांश भागच एका वेळी खोबणीला टेकलेला असतो. म्हणून तर हात चहूकडे फिरतो. त्याला जागेवर ठेवतात खोबणीच्या कडेची लॅब्रम नावाची कूर्चा, अस्थिबंध आणि गोळ्याला वेढणारे 'रोटेटर कफ' नावाचे चार स्नायू. नुसता आवाज म्हणजे बहुतेकदा सांध्यातला वायूचा बुडबुडा, नाहीतर हाडावरून सरकणारा स्नायुबंध. त्याला घाबरायचं कारण नाही.
मला आवाजापेक्षा हे सांगा: हात मध्येच अडकतो का? 'आता निसटेल' असं वाटतं का? पूर्वी कधी खांदा निखळला होता?

कोथरूडकर
अरेच्चा. कॉलेजात कबड्डी खेळताना हाच हात मागे पिरगळला होता. तीन आठवडे झोळीत होता. आणि हो, बार मानेमागे उतरवताना जरा धाकधूक होते खरी.

फिजिओताई
हे आधी सांगायचं ना! ती धाकधूक आवाजापेक्षा महत्त्वाची. हात बाजूला वर आणि पंजा मागे वळलेला, याच स्थितीत खांदा पुढच्या बाजूला निसटतो. मानेमागचा प्रेस आजपासून बंद. बेंचवर कोपरं काटकोनात फाकवू नका, अंगापासून साधारण ४५ अंशांवर ठेवा. प्रेस हलक्या डंबेलने, कोपर किंचित पुढे ठेवून, तोही धाकधूक न होता जमला तरच. आणि एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवाच. गरज वाटली तर ते एमआरआय सांगतील.

तालीमवाला
आमच्या कोल्हापुरात जोर मारून नि मुद्गल फिरवून खांदे दगडासारखे होतात. ही मशीनं-बिशीनं हवीत कशाला? मुद्गल घ्या, महिन्याभरात फरक.

फिजिओताई
दादा, मुद्गल उत्तमच. पण पाठीमागे फिरवताना हात त्याच नको त्या जागी जातो. यांनी आत्ता फार तर हलका मुद्गल मुठीत सरळ उभा, छातीसमोर धरून चालावं. तोल सांभाळताना कफचे स्नायू आपोआप कामाला लागतात.

तालीमवाला
हां, उभा धरणं सोपं वाटतं, पण धरून बघा म्हणजे कळेल. मान्य.

डोंबिवलीचा_एकखांद्या
माझी कथा ऐका. मीही 'दुखत नाही ना' म्हणत दोन वर्षं काढली. एकदा लोकलमध्ये वरची कडी पकडायला गेलो आणि खांदा उतरला. तिसऱ्यांदा उतरल्यावर लॅब्रम शिवून घेतलं. झोळीत सहा आठवडे, आणि शर्ट घालायला बायको! आपण आत्ताच दाखवा.

कोथरूडकर
धन्यवाद सगळ्यांना. शनिवारची वेळ घेतली. तोवर घरी काय करता येईल?

फिजिओताई
कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये गुंडाळलेला टॉवेल, कोपर काटकोनात, रबरी पट्टा हळू बाहेरच्या बाजूला ओढायचा. १५ वेळा, दोन फेऱ्या. शिवाय रोइंग, म्हणजे वजन अंगाकडे ओढायचं, हलक्या वजनाने, फरे (पाठीवरची खांद्याची पाती) मागे ओढून. दुखलं किंवा धाकधूक झाली तर लगेच थांबा.

कोथरूडकर
पट्टा कुठला घेऊ?

तालीमवाला
सायकलची जुनी ट्यूब कापा. दुकानदार फुकट देतो.

झंपू
आणि लाडू?