दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला लिंक्डइन कशाला?

तिसरा_बाक : निवृत्त_विभागप्रमुख यांनी काल लिहिले होते की, पदवीच्या विद्यार्थ्याने लिंक्डइनवर, म्हणजे नोकरी-व्यवसायाच्या ओळखींच्या संकेतस्थळावर, खाते उघडणे म्हणजे गुडघ्याला बाशिंग बांधणे होय, त्याने मुकाट्याने अभ्यास करावा, नोकरी आपोआप मिळते. माझा आक्षेप त्या 'आपोआप'वर आहे. ज्यांचे काका किंवा मामा कंपनीत असतात, त्यांनाच ती तशी मिळते. माझे वडील गडहिंग्लजजवळ ऊस लावतात आणि आमच्या भावकीत अभियांत्रिकीला गेलेला पहिला मीच. तिसऱ्या वर्षात असताना मी लिंक्डइनवर आमच्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांत 'फाउंड्री' (धातूच्या ओतकामाचा कारखाना) हा शब्द टाकून शोधले, तेव्हा कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारे अकरा जण सापडले. अकराही जणांना मी वेगवेगळे लिहिले. नऊ जणांनी उत्तर दिले नाही आणि दहाव्यांनी 'बघू' म्हटले. अकराव्यांनी उलट विचारले, "कास्टिंगमध्ये ब्लोहोल कशाने पडतात?" ओतीव भागातल्या या वायूच्या पोकळ्यांविषयी मला साच्याच्या वाळूतल्या ओलाव्यापलीकडे काही सांगता आले नाही, त्यावर त्यांनी "या, दाखवतो" एवढेच कळवले. तिथल्या सहा आठवड्यांत मी जे शिकलो, ते मला कोणत्याही सत्रात शिकवले गेले नव्हते.

निवृत्त_विभागप्रमुख : आपले अभिनंदन, परंतु आपण एक आहात आणि मी तीस वर्षे वर्ग पाहिले आहेत. दोन तासांच्या वेबिनारचे प्रमाणपत्र लावून 'कळवण्यास अत्यंत आनंद होत आहे' असे लिहिणारे आणि ओळखींचा आकडा पाचशेच्या पुढे गेला म्हणून पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवणारे विद्यार्थी मला लेथ यंत्रापुढे उभे राहिल्यावर टूल पोस्ट (हत्यार पकडणारा भाग) दाखवू शकत नाहीत. माझ्या भाच्याला याच माध्यमातून 'इंटर्नशिप' मिळाली, तीही त्याच्याकडूनच शुल्क घेऊन! काम काहीच नव्हते, प्रमाणपत्र मात्र रंगीत होते.

भरती_विभाग : पैसे मागणारी इंटर्नशिप ही फसवणूकच आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र तिच्यासाठी खातेच बंद करणे म्हणजे ढेकणांपायी घर जाळणे होय. 'सायन्स' या नियतकालिकात २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला होता. नोकरी बदलण्यास घनिष्ठ मित्रांपेक्षा बेताच्या ओळखीची माणसे अधिक उपयोगी पडतात, असे त्यात दिसले. माझी तक्रार वेगळी आहे. मला रोज 'रिस्पेक्टेड सर, प्लीज रेफर मी' एवढाच मजकूर येतो. मी बाई आहे, हे छायाचित्रातही दिसते. एकाने तर दुसऱ्याच कंपनीचे नाव तसेच ठेवून मजकूर पाठवला होता. या मुलांना चार ओळी धड इंग्रजी लिहिता येऊ नये?

कृष्णाकाठ : आलीच का शेवटी इंग्रजी! मी इस्लामपूरला मराठी माध्यमात शिकलो. 'रिस्पेक्टेड सर' हे आम्हाला रजेच्या अर्जात घोकून घेतलेले शब्द आहेत, तेच आम्ही लिहितो. त्या मुलाने आपल्याला शुद्ध मराठीत लिहिले असते, तर आपण उत्तर दिले असते काय?

भरती_विभाग : दिले असते. आपण मला ओळखत नाही, तेव्हा माझ्या वतीने उत्तर गृहीत धरू नये.

कृष्णाकाठ : मग आपल्या प्रोफाइलवर मराठीचा एकही शब्द का नाही? लिंक्डइनची मांडणीसुद्धा आता मराठीत दिसते, आपण मात्र तिथे साहेबाच्या भाषेत वावरता.

निवृत्त_विभागप्रमुख : मूळ प्रश्न भाषेचा नव्हता.

कृष्णाकाठ : आपल्यासाठी नसेल, सर. माझा पूर्ण एक महिना मजकूर लिहिण्यात आणि खोडण्यात गेला. अखेरीस जर्मनीत असलेल्या आमच्याच तालुक्यातील एका अभियंत्याला मी मराठीत लिहिले, तेव्हा त्यांनी अर्ध्या तासात फोन केला आणि पहिली दहा मिनिटे ते पुराविषयीच बोलत होते.

तिसरा_बाक : भांडण भाषेचे नाही. भरती_विभाग यांना चुकीचे इंग्रजी खटकलेले नाही, रिकामा मजकूर खटकला आहे. मी ज्या अकरा जणांना लिहिले, त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या कामाविषयी एक तरी वाक्य मी घातले होते. व्याकरण मात्र माझेही कच्चेच होते.

भरती_विभाग : हे मान्य आहे. आणि माझ्या प्रोफाइलवर एक मराठी ओळ घालते, म्हणजे कृष्णाकाठ यांचा जीव भांड्यात पडेल.

निवृत्त_विभागप्रमुख : अभ्यास सोडून तिथे रमणाऱ्यांविषयीचे माझे मत कायम आहे. तिसरा_बाक यांना एक विचारायचे होते. ते शिरोलीचे अकरावे गृहस्थ अजून विद्यार्थी घेतात काय? माझा नातू यंदा तिसऱ्या वर्षाला आहे. याला कोणी माघार समजू नये.

तिसरा_बाक : घेतात, सर. मात्र त्याला स्वतः लिहू द्या आणि ब्लोहोलचे आधी वाचून ठेवायला सांगा.