आजोबांची आरी सापडलीय, पाकीट हाताने शिवायचंय. काय काय लागेल?

खडूफळा:
आजोळच्या माळ्यावर आजोबांची चामडं शिवायची आरी मिळाली. टोकाजवळ बारीक खाच आहे. तिने साधं पाकीट शिवून बघावं म्हणतोय. ऑनलाइन शिवणीचे संच पाहिले आणि किंमत बघून गप्प बसलो. कुणी केलंय का?

घाटमाथा:
संच नकोच. त्या खाचेचं काम असं: आरी चामड्यात खुपसायची, खालचा दोरा खाचेत अडकवून फास वर ओढायचा, वरचं टोक फासातून काढायचं आणि दोन्हीकडून ताणायचं. कोपऱ्यावरचे चपला शिवणारे काका हेच करतात, पाच मिनिटं उभं राहून बघा. पण पाकिटाच्या पातळ चामड्याला ही आरी जाड पडेल. तिथे दोन सुया बऱ्या. दोरा एकच, शिवणीच्या चौपट लांब, दोन्ही टोकांना बोथट सुया. आधी भोकं पाडून घ्या, मग दोन्ही सुया समोरासमोरून एकाच भोकातून काढा. एखादा टाका तुटला तरी मशीनच्या शिवणीसारखी ती उसवत जात नाही. खुणांना कंपासपेटीतलं कर्कटक चालतं: कडेपासून तीन मिलिमीटरवर रेघ, तिच्यावर चार-चार मिलिमीटरला ठिपका. दुसरी सुई पहिल्या सुईच्या दोऱ्यात घुसू देऊ नका, टाका आवळला जात नाही. माझं पहिलं चष्म्याचं घर त्यातच वाया गेलं.

पायताण:
चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं बघा, कोल्हापुरीला वापरतात तसं. न रंगवलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाका. मुरून डाग गडद झाला तर घ्या. कापलेली कड निळसर करडी दिसली तर ते क्रोमच्या रसायनात कमावलेलं. सुरुवातीला कात्रणंच मागा.

खडूफळा:
कोल्हापुरीपण अशीच दोऱ्याने शिवतात का?

पायताण:
छे, अस्सल कोल्हापुरीला चामड्याचीच वादी, खिळा नाही. बघायची तर कोल्हापुरात चप्पल लाईन आहे, नाहीतर कर्नाटकात अथणीला जा. २०१९ चं जीआय (भौगोलिक) मानांकन महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, त्यामुळे अथणीचीही कोल्हापुरीच. (इथे भांडण नको!)

खडूफळा:
दोऱ्याला मेणबत्ती चोळली तर चालेल?

घाटमाथा:
नको, तिचा भुगा होऊन गळतो. मधमाशांचं मेण घ्या, खादीच्या दुकानात विचारा.

खडूफळा:
बरं. रविवारी कात्रणावर हात बसवतो. आरीची मूठ मात्र हलतेय.

घाटमाथा:
आरी उपसून तिच्या बुडाला सुती दोरा गुंडाळा आणि परत ठोका. टोक लाकडात रुतवून ठोकू नका, खाचेपाशीच मोडेल.