मोडी, शिकस्ता, फ्राक्टुर : मोडलेल्या अक्षरांची नावे

प्रश्न : लेखनाच्या इतिहासावरील एका पुस्तकाचा अनुवाद करताना तीन ठिकाणी अडलो आहे. ‘टाइपफेस’ आणि ‘फाँट’ यांच्यासाठी मराठीत दोन वेगळे शब्द आहेत का, की ‘टंक’ या एकाच शब्दावर भागवावे? जर्मनीतील ‘फ्राक्टुर’ या जुन्या वळणाला ‘जर्मन मोडी’ म्हणावे असे मनात येते, ते चालेल का? आणि प्राचीन मेसोपोटेमियातील ‘क्युनिफॉर्म’ लिपीसाठी ‘कीलाक्षर’ हा रूढ शब्द नेमका आहे का? जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर : मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण इतर दोन प्रश्नांच्या उत्तरांची वाट तिथूनच जाते.

‘फ्राक्टुर’ हा शब्द लॅटिनमधील ‘मोडणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. हाड मोडल्यावर डॉक्टर जो ‘फ्रॅक्चर’ शब्द उच्चारतात, तो त्याचा सख्खा भाऊ. सोळाव्या शतकाच्या आरंभी, सम्राट पहिल्या मॅक्सिमिलियनच्या आश्रयाने छापल्या गेलेल्या ग्रंथांतून हे वळण पुढे आले आणि पुढची चारशे वर्षे जर्मन पुस्तकांचा चेहरा बनून राहिले. शब्दार्थापुरते पाहिले तर ‘मोडी’ हे त्याचे हुबेहूब भाषांतर ठरते आणि आपल्याला झालेला मोह समजण्यासारखा आहे. मात्र दोन्ही ठिकाणी नेमके काय मोडले आहे, हे पाहिल्यावर तो मोह आवरावा लागतो.

फ्राक्टुरमधील ‘ओ’ हे अक्षर भिंगाखाली धरून पाहावे. त्यात गोलाई जवळजवळ उरलेलीच नाही. रुंद टाकाची लेखणी एका दिशेने खाली येते, थबकते, कोन करून दुसऱ्या दिशेला वळते, पुन्हा थबकते, आणि वर्तुळाच्या जागी कोनाकोपऱ्यांची एक आकृती तयार होते. म्हणजे तिथे मोडली आहे ती रेषा. मोडीचा प्रकार याच्या नेमका उलट आहे. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढून घेतो आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरांची माळ ओवत जातो. शब्दाशब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाची काटेकोर चाड नाही. एका अक्षराचा शेवट पुढच्या अक्षराच्या आरंभाला मिळावा म्हणून नागरीतील आकार मुरडले जातात. म्हणजे रेषा मोडू नये यासाठी इथे अक्षर मोडले आहे. नाव एकच असले, तरी हाताची चाल परस्परविरोधी आहे. शिवाय मोडी ही घाईच्या दप्तरी लेखनाची लिपी होती, तर फ्राक्टुर हे प्रामुख्याने छापील ग्रंथांचे वळण होते. म्हणून ‘जर्मन मोडी’ म्हणू नये. ‘फ्राक्टुर’ हाच शब्द ठेवून पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘कोनांत मोडलेल्या रेषांचे वळण’ असा खुलासा करावा, हे मला अधिक सुरक्षित वाटते.

‘मोडी’ या नावाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे एक तिसरा मोडलेला भिडू आहे. मोडीचा संबंध देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्याशी जोडण्याची परंपरा आहे आणि त्याने ती लंकेहून आणली अशी आख्यायिकाही सांगितली जाते. ‘मौर्यी’ या शब्दापासून ‘मोडी’ झाले, असाही एक तर्क मांडला गेला आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी मात्र फारसीकडे बोट दाखवले. फारसीत जलद लेखनाची ‘शिकस्ता’ नावाची एक शैली आहे आणि ‘शिकस्ता’ या शब्दाचा अर्थच ‘मोडलेली’ असा होतो. आपण ‘प्रयत्नांची शिकस्त केली’ असे म्हणतो, त्यातील ‘शिकस्त’ त्याच कुळातली. शिकस्तामध्ये नियमाने सुटी राहायला हवीत अशी अक्षरेही लेखणी न उचलता जोडली जातात. इथे मोडतो तो सुट्या-जोडाचा नियम, आणि या बाबतीत ती मोडीच्या फारच जवळची आहे. ‘मोडी’ हे नाव ‘शिकस्ता’वरूनच बेतले गेले, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तरी ज्या दप्तरांत फारसी आणि मराठी कागद शेजारीशेजारी लिहिले जात होते, तिथे हे नाव सुचणे अस्वाभाविक नव्हते, आणि ‘मौर्यी’पेक्षा हा तर्क मला कितीतरी अधिक पटतो.

यातून मला एवढेच दाखवायचे आहे की, लिपीला किंवा वळणाला असे नाव सहसा दुसरी लिपी शेजारी उभी राहिल्यावर पडते. ‘मोडी’ म्हणायला न मोडलेले काहीतरी समोर असावे लागते, आणि ते म्हणजे ‘बाळबोध’, म्हणजे लहान मुलालाही बोध होईल अशी सुटी, उभी, स्पष्ट नागरी. ‘बाळबोध वळणाचा माणूस’ हा आपला वाक्प्रचार त्याच लिपीवरून आला, आणि ‘हे अगदीच बाळबोध लिहिले आहे’ यातील किंचित तुच्छताही बहुधा मोडी सफाईने लिहिणाऱ्या जाणत्या कारकुनाच्या नजरेतून आलेली असावी.

जर्मनीतही हीच जोडी दिसते. फ्राक्टुरच्या समोर जे सरळ, गोलाईचे रोमन वळण होते, त्याला जर्मन मुद्रक ‘आन्टिक्वा’, म्हणजे ‘प्राचीन’, म्हणत. हे नाव एका गैरसमजावर उभे आहे. चौदावे शतक संपून पंधरावे सुरू होत असताना फ्लॉरेन्समधील पोज्जो ब्राच्चोलीनी, निक्कोलो निक्कोली आदी विद्वानांना जुन्या हस्तलिखितांत एक सुंदर गोल वळण सापडले. ते प्राचीन रोमनांचेच असणार अशी त्यांची समजूत झाली आणि त्यांनी ते उचलले. प्रत्यक्षात त्यांतील बरीच हस्तलिखिते नवव्या शतकाच्या आसपासची, शार्लमेनच्या काळात रूढ झालेल्या वळणाची होती. म्हणजे ‘प्राचीन’ म्हणून जे नावाजले गेले, ते मध्ययुगीनच होते. त्याच काळात आपल्या आधीच्या टोकदार अक्षरांना इटालियन विद्वानांनी ‘गॉथिक’ म्हणजे रानटी ठरवले, आणि खऱ्या गॉथ टोळ्यांचा त्या अक्षरांशी काडीचाही संबंध नव्हता. पुढे तर ‘गॉथिक’ या नावाने कमालच केली. अमेरिकेत तोच शब्द टोकांना आडवे फटकारे नसलेल्या, अगदी साध्या वळणांना लावला गेला. 1902 सालचे ‘फ्रँकलिन गॉथिक’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. आपल्या पुस्तकात ‘गॉथिक’ शब्द येईल तिथे लेखक युरोपातील आहे की अमेरिकेतील, हे आधी पाहावे.

या दोन मोडलेल्या वळणांच्या शेवटातही एक साम्य आहे. मुंबई सरकारने 1917 साली कारभारात मोडीऐवजी बाळबोध वापरण्याचा निर्णय घेतला. जर्मनीत जानेवारी 1941 मध्ये हिटलरचा निकटचा सहकारी मार्टिन बोरमन याच्या सहीने निघालेल्या परिपत्रकाने गॉथिक अक्षरांचा वापर बंद करण्याचे फर्मान सुटले, आणि तोवर ‘अस्सल जर्मन’ म्हणून मिरवलेल्या त्या अक्षरांना त्यात एकाएकी, धादांत खोटेपणाने, ‘ज्यू’ ठरवण्यात आले. मोडीच्या वाट्याला असले बालंट आले नाही, एवढेच.

शंका : शेजारी दुसरी लिपी असल्याशिवाय नाव पडत नाही, हे विधान फार सरसकट वाटते. ब्राह्मीचे काय? ती तर सगळ्यांच्या आधीची.

उत्तर : ब्राह्मीचे उदाहरण माझ्याच बाजूने साक्ष देते. सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखांत ‘धंमलिपी’ असा शब्द वापरला आहे, परंतु त्याचा अर्थ ‘धर्माविषयीचा लेख’ असा होतो. कोणत्या लिपीत लिहिले आहे, याचे नाव तो कोठेही सांगत नाही. वायव्येकडील शाहबाजगढी येथील लेख खरोष्ठी या दुसऱ्या लिपीत आहेत आणि तिथे ‘लिपी’च्या जागी ‘दिपि’ हे रूप येते. ते प्राचीन फारसी शब्दाशी जुळते. ‘लिंपणे’शी ‘लिपी’चे नाते सांगणारी व्युत्पत्ती आपण शाळेत ऐकलेली असते, पण शाईचे लिंपण हा अर्थ या परक्या शब्दावर मागाहून बसवला गेला असण्याची शक्यता पुष्कळ आहे. ज्याला खरोखर इथला म्हणता येईल तो ‘लिख्’ धातू, ज्याचा मूळ अर्थ ओरखडणे.

‘ब्राह्मी’ हे नाव आढळते ते यादीत. ‘ललितविस्तर’ या बौद्ध ग्रंथात चौसष्ट लिप्यांची यादी आहे, तिच्यात पहिली ब्राह्मी आणि दुसरी खरोष्ठी. जैन परंपरेत ऋषभदेवाच्या ब्राह्मी नावाच्या कन्येशी या लिपीचा संबंध सांगितला जातो. जेम्स प्रिन्सेपने 1837 साली अशोकाची अक्षरे वाचली, तेव्हाही त्याच्यासमोर हे नाव नव्हते. जुन्या यादीतील ‘ब्राह्मी’ म्हणजेच ही अक्षरे, ही ओळख एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पटवली गेली. नाणेघाटात नागनिकेचा लेख कोरणाऱ्या पाथरवटाला आपण ‘ब्राह्मी’ कोरतो आहोत असे वाटत असेल, याची मला शंकाच आहे. त्याच्या दृष्टीने ती फक्त अक्षरे असावीत. तरीही ‘नेहमीच’ हा शब्द मी वापरलेला नाही आणि वापरणारही नाही.

आता राहिलेले दोन प्रश्न.

‘कीलाक्षर’ हा शब्द रूढ आहे आणि तो बदलण्याचे कारण नाही, परंतु मराठी वाचकाची त्यात एक फसगत होते. ‘कील’ म्हटले की आपल्याला ‘खिळा’ आठवतो आणि व्युत्पत्तीने ते बरोबरही आहे. मात्र 1700 साली टॉमस हाइडने ज्या लॅटिन शब्दावरून हे नाव घडवले, त्याचा अर्थ ‘पाचर’ असा आहे. गंमत म्हणजे ही अक्षरे लेखन नसून नक्षी आहे, असे त्याचे मत होते. ओल्या मातीच्या पाटीवर बोरूचे टोक तिरपे दाबले की एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळती होत जाणारी जी खूण उठते, ती खिळ्यापेक्षा पाचरेसारखीच असते. संस्कृतातील ‘कील’ या शब्दात मात्र पाचरही सामावलेली आहे. अर्धवट चिरलेल्या ओंडक्यातील पाचर उपटून प्राण गमावणाऱ्या पंचतंत्रातील वानराला तिथे ‘कीलोत्पाटी’ म्हटले आहे. तेव्हा ‘कीलाक्षर’ ठेवावे आणि एका वाक्यात पाचरेचा खुलासा करावा.

उलट खरीखुरी ‘खिळाक्षरे’ आपल्या छापखान्यांत होती. शिशाच्या मिश्रधातूच्या टाइपाला मुद्रक ‘खिळा’च म्हणत, ते जुळवणाऱ्याला ‘खिळेजुळारी’. मी लहानपणी असा एक खिळा तळहातावर घेऊन पाहिला होता. जेमतेम बोटाच्या पेराएवढी ती चौकोनी कांडी, आणि तिच्या माथ्यावर उलटा ‘क’. आरशातल्यासारखा तो उलटा ‘क’ मला वाचता येईना, आणि जुळारी मात्र तशा अख्ख्या ओळी सरळ वाचल्यासारख्या झरझर वाचत असे.

आपला पहिला प्रश्न या खिळ्याच्या माथ्यावरच सुटतो. शाई लागून कागदाला टेकणारा तो जो माथा, तोच ‘टाइपफेस’मधील ‘फेस’. ‘फाँट’ हा शब्द फ्रेंचमधील ‘वितळवणे, ओतणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला, म्हणजे एका आकाराचा, एका जाडीचा ओतून तयार केलेला खिळ्यांचा संच. पहिला शब्द रूपाचा आहे आणि दुसरा वस्तूचा. ‘टंक’ हा शब्द वस्तूच्या बाजूचा आहे. संस्कृतात टंक म्हणजे दगड फोडण्याची छिन्नी आणि नाणेही, म्हणूनच नाणी पाडण्याची जागा ती टांकसाळ. तेव्हा ‘फाँट’साठी ‘टंक’ चपखल बसतो.

‘टाइपफेस’साठी नवा शब्द घडवण्याची गरजच नाही, कारण ‘वळण’ हा शब्द मराठीत पूर्वीपासून याच अर्थाने आहे. ‘अक्षराला वळण नाही’, ‘वळणदार अक्षर’, ‘कित्ता गिरवून वळण लावणे’ असे आपण म्हणतोच. मोडीच्या अभ्यासकांनीही पेशवेकाळातील चिटणिसी, रानडी अशा शैलींसाठी हाच शब्द वापरला आहे. याप्रमाणे ‘आन्टिक्वा वळण’, ‘फ्राक्टुर वळण’, आणि त्या वळणाचा अमुक जाडीचा ‘टंक’ असे लिहिता येईल. मराठीतील पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ यांचा वाद हाही वळणाचा आहे, लिपीचा नव्हे.

लिपी, वळण आणि टंक ही तीन पायऱ्यांची विभागणी आज पाळली जात नाही, याचा अनुभव मला नुकताच आला. एका कार्यालयाच्या सूचनेत ‘मजकूर मंगल लिपीत टंकित करून पाठवावा’ असे छापले होते. ‘मंगल’ हे र. कृ. जोशी यांनी रेखाटलेले, विंडोजबरोबर घरोघरी पोहोचलेले वळण आहे. ‘श्री-लिपी’ हे एका सॉफ्टवेअरचे नाव वर्षानुवर्षे कानावर पडल्यामुळे ही सरमिसळ वाढली असावी. त्या सूचनेतील वाक्य ‘मजकूर देवनागरी लिपीत, मंगल किंवा अन्य युनिकोड टंक वापरून पाठवावा’ असे हवे होते.