सोलापूरजवळ पोरांना संध्याकाळी चालत न्यायला वाट सुचवा

मित्रांनो, आमच्या मंडळात नववी ते बारावीची पंचवीसेक पोरं-पोरी आहेत, गणपती झाला की सगळी मोबाईलात घुसतात, म्हणून डिसेंबरात एका संध्याकाळी सात-आठ किलोमीटर चालत न्यायचा विचार चाललाय. चार वाजता निघायचं, अंधार बघायचा, नवाच्या आत घरी. नान्नजच्या माळावर नेलं तर चालेल का? पोरींच्या घरचे लांडग्यांचं नाव काढायलेत.

माळकरी:
नान्नज अभयारण्यात अंधार पडल्यावर फिरू देत नाहीत, ते डोक्यातनं काढ. बघायचंच असेल तर एखाद्या सकाळी वनखात्याला विचारून जा, काळवीट दिसतील, माळढोक मात्र नशिबात असेल तरच. आणि लांडग्याचं काय घेऊन बसलाव बे, तो माणसांचा घोळका लांबनं बघूनच सटकतो. खरा ताप मेंढरांच्या वाड्यावरच्या कुत्र्यांचा. एक भुंकलं की चार येतात, आणि तेवढ्यात पोरं पळाली की संपलंच. वाडा दिसला की लांबनं वळसा घाला, धनगराला हाक मारा, तो कुत्री आवरतो.

शेंगाचटणी:
हिप्परगा तलाव बघा की, तुळजापूर रोडला जवळच आहे, थंडीत पाहुणे पक्षी पण असतात. अंधार पडल्यावर पाण्याच्या कडेला मात्र कुणाला सोडू नका.

बोरामणीकर:
हत्तरसंग कुडल पण मस्त, भीमा-सीनेचा संगम, शके ९४० चा मराठी शिलालेख. पण लांब पडतं, नवाच्या आत घरी काय येत नाहीत तुम्ही.

माळकरी:
माझं ऐकशील तर ओळखीच्या शेतकऱ्याची गाडीवाट धर. दिवसा एकदा स्वतः चालून ये आणि विहिरी बघून ठेव, आपल्याकडं कित्येक विहिरींना कठडाच नसतो, गवत वाढलं की दिवसा पण कळत नाही. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी जा, सूर्य मावळायच्या आधीच चंद्र वर आलेला असतो, त्यामुळं सहा-सव्वासहानंतर पण वाट दिसते. बॅटरी पुढच्याकडं एक, मागच्याकडं एक, आणि ती पायापुढं मारायची, पुढच्याच्या तोंडावर नाही. घोणस वाटेवर पडून असते, सरकत नाही, कुकरची शिट्टी दबून वाजावी तशी फुसफुसते, आवाज आला की आहे तिथंच थांबायचं. चपला-सँडल कुणी घालायचे नाहीत. आदल्या दिवशी पाऊस झाला तर रद्दच कर, काळ्या रानात बुटाला किलोभर चिखल चिकटतो.

(प्रश्नकर्ता):
भारी. बार्शी रोडला मामाचं रान आहे, ज्वारी उभी आहे, तिथंच करतो. हुरडा मिळेल का तेव्हा?

माळकरी:
डिसेंबरअखेरीस दाणा भरायला लागतो, जानेवारीत जास्त चांगला. मामाला आत्ताच सांगून ठेव, आणि पेटवायचं ते बांधावर नको, कडब्यापासनं लांब.