एकट्यानं कयाक घेऊन तळ्यात जायचं म्हणतोय, बेळगावजवळ कुठं जाऊ?

वडगावचा_सायकलवाला

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे, हसू नका. गेल्या वर्षी मित्रांबरोबर गणेशगुडीला गेलेलो, काळी नदीत राफ्टिंग केलं, आरडाओरडा फोटो सगळं झालं, पण खरं आवडलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी संथ पाण्यात एकट्यानं अर्धा तास चालवलेली कयाक. कोण बोलत नाही, फोन खोलीवर, फक्त वल्ह्यावरून पाणी ठिबकतंय तेवढाच आवाज. तेव्हापासून डोक्यात किडा शिरलाय.

तर गोव्याच्या एकाकडून हवा भरायची कयाक सेकंडहँड घेतली, एकाच माणसानं बसायची. तीन महिने झाले माळ्यावर पडून आहे. बायको म्हणते ही होडी आता दिवाळीला आकाशकंदिलाच्या जागी टांगूया.

मला रेस नको, ॲडव्हेंचर नको. रविवारी पहाटे जायचं, दोन तास पाण्यात, दहाच्या आत घरी परत. पोहायला येतं, लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलोय, पण त्याला पंचवीस वर्षं झाली. कुठं जाऊ आणि एकट्यानं जाणं बरोबर हाय की नाही तेवढं सांगा.

असोग्याचा_पोरगा

भावा पयलं म्हणजे राकसकोपला चुकूनसुद्धा जाऊ नकोस. ते आपलं प्यायचं पाणी. पावसाळ्यात रोज पेपरात धरण भरायला, म्हणजे 2475 फुटाला, किती कमी तेच बघत बसतो की आपण, त्यात तू होडी घालणार आणि वर फोटो टाकणार, लोक शिव्या घालतील. किल्ला तलाव म्हणशील तर तिथं शांतता कसली, हॉर्न ऐकत बसायचं.

आमच्या खानापूर भागात यायचं बघ. मलप्रभा नको, पावसाळ्यात तिचा भरवसा नाही आणि उन्हाळ्यात खडकच खडक. पण गावागावात तळी आहेत लहान लहान, एका काठावरनं हाक मारली की दुसऱ्या काठावरचा म्हशीवाला ओ देतो. सुरुवातीला असलंच पाणी बरं. फक्त गावात आधी जाऊन कोणाला तरी विचार. तळ्यातली मासेमारी बहुतेक लिलावानं दिलेली असते, त्याची जाळी असतात. न विचारता गेलास तर पाण्यात शांतता मिळेल पण काठावर नाही मिळणार 😄

घटप्रभेकाठचा

मी हुक्केरीकडचा, हिडकलच्या पाण्यावर गळ टाकत केस पांढरे झाले, म्हणून सांगतो. कयाक मला येत नाही, वारं कळतं.

रात्री जमीन गार पडते त्यामुळं पहाटे पाण्यावर वारं जवळपास पडलेलं असतं, पाणी काचेसारखं. ऊन चढलं, जमीन तापली की वरचं वारं खाली उतरतं. थंडीच्या दिवसात आमच्याकडं साधारण नऊ-दहाला पाण्यावर पहिली सुरकुती दिसते. ती दिसली की परत फिरायचं, अजून अर्धा तास बघू म्हणायचं नाही. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर पाण्यात पायच घालू नका, वळीव कधी उठतो सांगता येत नाही आणि मोकळ्या पाण्यात सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता, वीज तुम्हालाच शोधते. जून ते सप्टेंबर विषयच नको.

दुसरं, आमचं हिडकल सुरुवातीला नको. 51 टीएमसीचं धरण आहे ते, मधे गेलात तर समुद्रासारख्या लाटा लागतात, हवेची होडी पालापाचोळ्यासारखी वाहत जाईल. भिंतीच्या, दरवाजांच्या बाजूला तर जायचंच नाही, अडवतात आणि बरोबरच करतात. आणि पाणी उतरलं की खालचं सगळं वर येतं. हुन्नूरचं विठ्ठल मंदिर बघितलंय का, वर्षातले कितीतरी महिने पाण्याखाली, उन्हाळ्यात बाहेर येतं, लोक दर्शनाला जातात. तसंच जुनी झाडं, बुंधे, गडग्याचे दगड अर्ध्या हातावर पाण्याखाली असतात, वरून काही दिसत नाही.

आणि जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, येताना वारं पाठीला घ्यायचं. लोक उलटं करतात. जाताना मजेत जातात आणि परत यायच्या वेळी हाताचे दंड भरून येतात.

पॅडलवाली

काकांच्या वाऱ्याच्या पॅराग्राफला माझ्याकडून दोन चहा.

दादा तुम्ही लाईफ जॅकेटबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, त्यामुळं आधी तेच. जॅकेटच्या आत न्यूटनचा आकडा छापलेला असतो, म्हणजे ते किती जोरानं वर तरंगवतं ते. 50 म्हणजे ज्याला नीट पोहता येतं आणि मदत जवळ आहे त्याच्यासाठी, 100 वालं जरा जाड असतं पण आत्ता तुम्हाला तेच बरं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या विहिरीवर विश्वास ठेवू नका. आणि जॅकेट पायाशी ठेवायचं नसतं, घालायचं असतं, बकल लावून. हे सांगावं लागतं कारण मी स्वतः बघितलंय, एक साहेब जॅकेटवर बसून वल्हवत होते, बूड दुखतंय म्हणून.

वल्हं हातानं मारू नका, खांदे दुखून दुसऱ्या दिवशी स्कूटर चालवता येणार नाही. पाय पुढं टेकवायचे, कंबरेपासून वळायचं, पातं पायाच्या अंगठ्याजवळ पाण्यात घालायचं आणि कंबरेजवळ आलं की बाहेर. त्याच्या मागं ओढलं की नुसतं पाणी वर उचललं जातं आणि नाक इकडंतिकडं डुलतं. हवेची कयाक रुंद असते म्हणून वल्हं 230 सेंटीमीटरच्या आसपास घ्या, आखूड घेतलं तर बोटं कडेला घासतात.

आणि हवा. सकाळी काठावर भरून पाण्यात ठेवली की आतली हवा गार होते, दाब उतरतो, कयाक मऊ लागते. दहा मिनिटांनी परत थोडी भरायची. परत आल्यावर उलटं, काठावर उन्हात तशीच टाकून चहाला गेलात तर हवा फुगून शिवण उसवते. माझी पहिली अशीच गेली, आवाज इतका मोठा की हॉटेलवाला बाहेर आला.

एकटं जाण्याआधी एकदा कोणाला तरी काठावर उभं करून मुद्दाम उलटा. खरंच. कमरेएवढ्या पाण्यात नाही, जिथं पाय टेकत नाहीत तिथं. उलटल्यावर बाजूनं पाय मारत मारत पोटावर आडवं चढायचं, मग पाठीवर वळायचं, मग बसायचं. तीनदा जमलं की एकटं जा, नाही जमलं तर अजून एक रविवार.

चिकोडीचा_शंकासुर

सगळे शिकवायलेत, जाऊ नको म्हणणारा कोणच नाही? एकट्यानं पाण्यात जायचं हे शहाण्याचं काम नव्हे. आमच्या बाजूला कृष्णेत मगरी आहेत, सांगली भागात तर नेहमीच्या बातम्या. काळी नदीत पण आहेत, दांडेलीला लोक मुद्दाम बघायला जातात.

वडगावचा_सायकलवाला

शंकासुर भाऊ कृष्णेत कोण जातंय, मी म्हशी डुंबणाऱ्या तळ्याबद्दल विचारूलालो. पण एकटं जाण्याचं तुमचं म्हणणं बायकोनं पण मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा. त्यामुळं ठरलंय की मामाच्या पोराला काठावर बसवायचं, त्याला गळ आणि वडापाव दिला की तो तीन तास हलत नाही. म्हणजे मी एकटा, पण एकटा नाही.

असोग्याचा_पोरगा

वडापाव किती ते आधी ठरव, आमच्याकडची पोरं महाग आहेत.

वडगावचा_सायकलवाला

अपडेट. गेलो एकदाचा, तिसऱ्या रविवारी. पहिले दोन रविवार ताईंच्या सांगण्यावरून उलटण्यात गेले, पहिल्या दिवशी एकदासुद्धा चढता आलं नाही, मामाचं पोरगं हसून हसून काठावर लोळत होतं. दुसऱ्या दिवशी पाचातनं चारदा चढलो.

खानापूर तालुक्यातलं तळं, नाव सांगत नाही. साडेसहाला पाण्यावर धुकं, पलीकडचा काठ दिसतच नव्हता, फक्त देवळातली घंटा ऐकू यायची. पहिली पंधरा मिनिटं डोक्यात ऑफिसचंच चालू होतं, सोमवारची मीटिंग, कोणाचा मेल राहिला. मग कधी बंद पडलं कळलं नाही. एक टिबुकली, कोंबडीच्या पिल्लाएवढी, माझ्यापासून तीन-चार वल्ह्यांवर बुडी मारायची आणि मी इकडं बघतोय तोवर भलतीकडंच वर यायची. मी वल्हं आडवं ठेवून नुसता बसून राहिलो. ती कुठं वर येणार याचा अंदाज लावत होतो, वीसेक वेळा चुकलो. आणि मंडळी खरं सांगतो, हवं होतं ते हेच, पण ते वल्हवण्यात नव्हतंच, थांबण्यात होतं. वाळलेल्या फांदीवर एक पाणकावळा पंख पसरून बसलेला, दोरीवर शर्ट वाळत घातल्यागत.

नऊच्या सुमाराला एक आजोबा जाळं ओढायला आले, बहुतेक हुबळीकडचे, कन्नडच बोलत होते. मला बघून म्हणाले, "गाळी बर्तैत्री, होगब्याड्री." वारं येतंय, जाऊ नका. मला तर पाणी तसंच गुळगुळीत दिसत होतं, पण काका तुमचा पॅराग्राफ आठवला आणि वळलो. काठाला लागेपर्यंत मागं अख्ख्या तळ्यावर सुरकुत्या. हे लोक बघतात तरी कशाकडं काय माहीत, मला अजून कळलं नाही.

आता फजिती. पाण्यात सगळं नीट झालं, काठावर ओढताना बाभळीचा काटा घुसला. फुस्स्स. माझाच आळस, उचलायची सोडून फरफटत नेली. पंक्चरवाल्याकडं नेली तर तो म्हणाला ट्यूब कुठाय. शेवटी घरीच पीव्हीसीचा तुकडा आणि सोल्युशन लावलंय, साबणाचं पाणी टाकून बघितलं, अजून एक बारीक बुडबुडा येतोय.

घटप्रभेकाठचा

पाणी कुठं गडद होतं ते बघतात. वारं पाण्याला जिथं पहिल्यांदा लागतं तिथला पट्टा लांबूनच काळपट दिसतो, तुमच्यापर्यंत यायच्या आधी. पुढच्या वेळी आजोबांच्या शेजारी दहा मिनिटं बसा, बिडी पेटवायला काडेपेटी घेऊन जा.

पॅडलवाली

बुडबुडा येतोय म्हणजे खालचा पृष्ठभाग सँडपेपरनं घासला नव्हता. पॅच काढा, घासा, स्पिरिटनं पुसा, परत लावा, 24 तास वजन ठेवून द्या. घरात पाटा-वरवंटा असेल तर तोच ठेवा.

वडगावचा_सायकलवाला

पाटा ठेवलाय ताई. बायको विचारते चटणी कशावर वाटू.