मदत हवी आहे: एमजीबीला कोणतं इंजिन, कोणता गिअरबॉक्स?

बर्मिंगहॅमला राहतो. माझी १९७२ची एमजीबी रोडस्टर (एमजीची उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) रोज चालवायची आहे, पण पेट्रोल फार खाते. १७९८ सीसी इंजिन, जुळे एसयू कार्बोरेटर, चारच गिअर, ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिन कमी फिरू देणारी जादा गिअरची सोय) नाही. ताशी ७० मैलांवर इंजिन ३९०० आरपीएमच्या आसपास ओरडत असतं, खरं दुखणं तिथेच आहे असं वाटतं.

मूळ इंजिन ठेवून ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स बसवू, की फोर्डचा पाच गिअरचा टाइप ९? की माझदा एमएक्स-५चं १.८ इंजिन गिअरबॉक्ससकट घालू? माझदाच्या इंजिनात कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे, त्यामुळे मायलेज वाढेल, पण जुन्या इंजिनाचा आवाज जाईल, आणि माझा जीव त्यातच अडकलाय. मागचा ३.९ गुणोत्तराचा डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद देणारा गिअरसंच) बदलावा लागेल का? कुणी स्वतः केलं असेल तर मायलेज किती वाढलं, कृपया सांगा.