रोझेटीच्या चित्रात हॅम्लेटच्या मागे साप कशाला कोरलाय?

निबवाली, सदाशिव पेठ
आम्ही हॅम्लेटचा तिसऱ्या अंकातला पहिला प्रवेश बसवतोय, नेपथ्य माझ्याकडे आहे. संदर्भाला म्हणून रोझेटी या इंग्रज चित्रकाराचं 1858 चं पेन ड्रॉइंग उघडलं (ब्रिटिश म्युझियममध्ये आहे) आणि तीन दिवस त्यातच अडकलेय. हॅम्लेटची प्रेयसी ओफेलिया बसलीय, त्याची पत्रं-भेटी परत द्यायला हात पुढे केलाय, आणि हॅम्लेट कोरीव लाकडी पडद्याच्या कडेवर हात पसरून कोपऱ्यातले गुलाब ओरबाडतोय. पण त्या लाकडावर झाडाला वेटोळं घातलेला साप आहे आणि एक माणूस पेटीला हात लावून मरतोय. नाटकात तर असलं काही नाही! कशाला काढलं असेल?

शाईदौत
झाड म्हणजे बायबलमधला ज्ञानवृक्ष, ज्याचं फळ खायला मनाई होती आणि सापानं ते खायला लावलं. आणि पेटीवाला उज्जा, जुन्या करारातला. बैल अडखळले, पवित्र कोश (तीच ती पेटी) पडेल म्हणून यानं सावरायला हात लावला आणि जागीच मेला. दोन्हीकडे एकच गोष्ट, जिथे हात घालू नये तिथे घातला. हॅम्लेट तेच करतोय ना, स्वतःचं मन उकरतोय, जगावं की मरावं हे आत्ताच बोलून झालंय त्याचं. रोझेटी कवीपण होता, त्यानं ते स्वगत लाकडात कोरलं असं मला वाटतं.

पर्वतीकर
पाण्यात तरंगणारी ओफेलिया ती हीच का?

शाईदौत
नाही, ते मिले या दुसऱ्या चित्रकाराचं तैलचित्र, 1851-52 चं, त्यासाठी एलिझाबेथ सिडल ही मॉडेल टबात पडून राहिली होती. हे नुसती काळी शाई आणि बारीक रेघा.

जुना_प्रेक्षक
यावरून आगरकर आठवले. 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते, तिथे त्यांनी हॅम्लेटचं भाषांतर केलं, तेच 'विकारविलसित'. पुढे नट गणपतराव जोशींनी हॅम्लेट गाजवला. आपल्याकडे सगळे हॅम्लेटचंच बोलतात, पण या चित्रात मला ओफेलियाच जास्त छळते, तिचं बोलून संपलंय, ती थकलीय, हा हातवारे करत सुटलाय आणि तिचा हात अजून तसाच पुढे आहे, तो काही घेतच नाही.

निबवाली, सदाशिव पेठ
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मी सापाकडेच बघत बसले. बाकाच्या पाठीवर झाड आणि साप प्लायवर कोरून घेतेच, पण आज तालमीला ओफेलियाला सांगते, पत्रं पुढे केलीस की हात प्रवेश संपेपर्यंत खाली घ्यायचा नाही.